वाळवंटासाठी बांधलेली गाडी

पत्नीची मूत्रपिंडे निकामी झाली तेव्हा डॉक्टरांनी दोन मार्ग सांगितले. पहिला, आठवड्यातून तीनदा सांगलीला जाऊन यंत्राला जोडून घेणे. दुसरा, पोटात एक नळी कायमची बसवून घेणे आणि त्या नळीतून दिवसातून चार वेळा औषधी पाणी पोटात भरणे, काही तासांनी काढणे, पुन्हा भरणे. हे घरी करता येते. तिने दुसरा मार्ग निवडला. डॉक्टरांनी कारण विचारले.

"यंत्राला बांधली की मी गोठ्यातली म्हस झाले," ती म्हणाली. "ह्ये पाणी कुटंबी नेता येतंय."

कुठेही, या शब्दाचा तिच्या मनातला अर्थ मला माहीत होता. माझी सैन्यातली बहुतेक नोकरी राजस्थानच्या वाळवंटात झाली. दारूगोळा, पाणी आणि शिधा वाहणाऱ्या गाड्या माझ्या ताब्यात असत. ती इकडे कृष्णेकाठी, माझे आईवडील, एक मुलगी आणि ऊस सांभाळत होती. आमचे गाव साताऱ्याच्या हद्दीत असले तरी दवाखाना, बाजार आणि सोयरे सांगलीकडचे. सुट्टीवर आलो की ती विचारी, तिकडे कसे आहे. मी सांगे, वाळू आहे. त्यापलीकडे मी कधी काही सांगितले नाही. सांगण्यासारखे काही आहे असे मला वाटलेही नाही. निवृत्तीनंतर शेती सुरू झाली आणि तो विषय मागे पडला.

आजार आल्यावर तिने तो पुढे आणला. तिला ते ठिकाण पाहायचे होते.

"काय पाहणार?" मी विचारले.

"तितं कुणी ठेवली व्हती का, त्ये बघायचं हाय."

"असली तरी आता ती म्हातारी झाली असेल."

"मग बरंच हाय की. दोघी बसू गाऱ्हाणी सांगत."

डॉक्टर तरुण आणि स्पष्ट बोलणारे होते. त्यांनी हसण्यावारी नेले नाही. प्रवास थंडीतच करायचा, कारण औषधाच्या पिशव्या उन्हात तापून चालत नाहीत. पिशवी बदलण्याची जागा बंद हवी, धुळीचा कण नको, त्या वेळी पंखादेखील नको. काढलेले पाणी रोज पाहायचे. पिशवीखाली वर्तमानपत्र ठेवायचे आणि पिशवीतून अक्षरे वाचता येतात का ते तपासायचे. वाचता आली नाहीत तर पोटात जंतू शिरले असे समजून थेट रुग्णालय गाठायचे. मग ते म्हणाले, "हा मार्ग काही वर्षे चालतो. पुढे पोटाचा पडदा थकतो किंवा जंतूंमुळे नळी काढावी लागते. मग यंत्राशिवाय इलाज नाही. जायचे असेल तर या थंडीत जा. पुढच्या थंडीचे मी सांगू शकत नाही."

मुलगी पुण्यात असते. ती म्हणाली, विमानाने जा, तिकडे भाड्याची गाडी घ्या. पण मला माहीत असलेल्या त्या भागात उतरायला जागा नाही, पाणी खारे, आणि रस्ता संपल्यावर बरेच अंतर वाळूतून. भाड्याच्या गाडीत पिशव्यांची खोकी ठेवायची कुठे आणि पत्नीने नळी उघडायची कुठे, याचा विचार तिने केला नव्हता. मी गाडी बांधायचे ठरवले. आपले पाणी, आपले तेल, आपली वीज आणि आपली बंद खोली बरोबर घेऊन जाणारी गाडी.

शिरवळला एका ठेकेदाराकडे जुनी जीप होती. चारही चाकांना जोर मिळणारी, पाठ लांब असलेली. कारखान्याच्या बांधकामावर राबून तिचा पत्रा सडला होता, पण इंजिन निरोगी होते. मी खाली झोपून सांगाडा पाहिला. कुठे जोड दिलेला नव्हता. घेतली.

त्यानंतर मी वजनाचा हिशेब केला. एका पिशवीत दोन लिटर पाणी, दिवसाला चार पिशव्या. जायचे, राहायचे, यायचे आणि वाटेत अडकलो तर थांबायचे, एवढ्या दिवसांच्या पिशव्या म्हणजेच एक मोठा बोजा. त्यावर हात धुण्याचे आणि पिण्याचे पाणी, डिझेलचे डबे, दुसरी बॅटरी, दोन जादा चाके, फावडी, वाळूत चाकाखाली टाकायच्या लोखंडी पट्ट्या. आणि आम्ही दोघे. सैन्यात असा बोजा ठरवताना वर काही भाग जास्तीचा धरतात. मी तो धरला.

माधवनगरकडे अण्णांचे गॅरेज आहे. पूर्वी जिथे माग चालत अशा एका जुन्या शेडमध्ये ते उसाच्या ट्रॉल्या बांधतात. आसपासच्या तालुक्यांतल्या निम्म्या ट्रॉल्या त्यांच्या हातच्या असाव्यात. जैन माणूस, सूर्यास्तापूर्वी जेवणारा. उन्हे कलली की हातोडा खाली ठेवायचा आणि घरी जायचे. समोर कोण उभे आहे याचा त्यात फरक पडत नसे. मला ही शिस्त आवडली. माझ्याहून ते काही वर्षांनी लहान.

"अण्णा, ही गाडी राजस्थानात न्यायची आहे," मी म्हणालो.

"का ओ? तिकडं कुणी साखर कारखाना काढला काय?"

"पत्नीला न्यायचे आहे."

मी आजार सांगितला. नळी, पिशव्या, धूळ, सगळे सांगितले. त्यांनी जीपभोवती एक फेरी मारली आणि म्हणाले, "वहिनींना आत काय काय लागतंय ते सांगा. वजनाचं माझ्यावर सोडा की."

कामाला पावसाळ्याचा उत्तरार्ध गेला. जीपच्या पाठीवर त्यांनी लोखंडी पेटीसारखी खोली बांधली. आत एका बाजूला तिचे आसन, तेच रात्री पलंग. छताला पिशवी टांगायचा आकडा. पोटातले पाणी आपल्या वजनाने खाली उतरते, म्हणून आसन उंच आणि त्याच्या पायाशी रिकाम्या पिशवीसाठी खोलगट जागा. पिशवी अंगाइतकी कोमट करावी लागते. माझ्या मनात इंजिनावर ठेवण्याचे होते, आम्ही शिध्याचे डबे तसेच गरम करत असू. रुग्णालयातल्या सिस्टरने ते ऐकून कपाळाला हात लावला. "आजोबा, ती पिशवी आहे, डाळ नव्हे." मग दुसऱ्या बॅटरीवर चालणारी गरम गादी बसवली. दाराला आणि खिडकीला रबराची दुहेरी पट्टी. चालकाची बाजू आणि ही खोली यांच्यामध्ये बोलण्यापुरती एक सरकती काच.

धुळीची परीक्षा मी स्वतः घेतली. आत पांढरे धोतर पसरले, दार लावले आणि मुरमाच्या रस्त्यावर एका ट्रॅक्टरच्या मागे, त्याच्या धुरळ्यात, गाडी चालवली. धोतर पांढरेच राहिले. अण्णांनी त्यावर बोट फिरवून पाहिले आणि बोट मला दाखवले.

मग पाटे आले. जीपचा भार चाकांवर ज्या वाकड्या पोलादी पट्ट्या पेलतात त्यांना इकडे पाटे म्हणतात. बोजा वाढला की पाटे वाढवतात. मी अण्णांना वजनाचा आकडा दिला होता, त्याप्रमाणे त्यांनी पाटे चढवले. काम झाल्यावर त्यांनी तीन दांडगे कामगार मागच्या कठड्यावर उभे केले आणि उड्या मारायला सांगितल्या. गाडी हलली नाही.

"बसणार न्हाई," अण्णा म्हणाले. "काय वाट्टेल ते भरा."

मलाही समाधान वाटले.

पत्नीच्या वजनाची चाचणी राहिली होती. तिला घरून आणून सारखे चढवणे-उतरवणे नको, म्हणून मी तिच्या आसनावर खताचे एक पोते बांधले. आजाराने ती त्याहून फारशी जड राहिली नव्हती. बाकी सगळा बोजा भरला आणि तासगावच्या बाजूला माळावर, ओढ्यातून, दगडांतून दिवसभर गाडी हाकली. काही सुटले नाही, काही तुटले नाही. पोते बांधले होते तसेच होते.

ती गाडी पाहायला आली तेव्हा अण्णांनी पायरीशी स्वच्छ फडके अंथरले होते. ती आत वाकून पाहत राहिली.

"आवं, ह्यात मी बसायचं का ऊस?"

"ऊस आडवा जातोय वहिनी," अण्णा म्हणाले. "तुम्ही बसून जायचं."

"मग उसाचं बरं हाय की. त्येला पडाय तरी मिळतंय."

अण्णा पहिल्यांदा मोठ्याने हसले. तिने आत जाऊन आकड्याला हात लावला, गादी दाबून पाहिली, दार आतून लावून घेतले आणि पुन्हा उघडले. "चुलीचा धूर न्हाई, माश्या न्हाईत," ती म्हणाली. "घरापरास बरंय." तिने गाडीच्या नाकाला हळदकुंकू लावले. चाकाखाली लिंबू ठेवायचे मी टाळत होतो. तिने ते अण्णांकडून ठेवून घेतले.

लांब निघण्यापूर्वी औंधला जाऊन यमाईची ओटी भरायची, ही तिची अट. देवी तिच्या माहेरची. मला एक दिवसाची पूर्ण भाराची चाचणी हवी होती. दोन्ही कामे एकत्र केली.

सकाळची पिशवी घरी भरून ती मागच्या खोलीत बसली. पोटात दोन लिटर पाणी. पुसेसावळीच्या अलीकडे रस्ता रुंद करण्याचे काम चालू होते. खडी पसरलेली, मध्ये चर खणलेले. मी काच सरकवून विचारले, "ठीक आहे का?"

"हाय."

काही अंतराने पुन्हा विचारले.

"हाय म्हनलं न्हवं. म्होरं बघा."

नंतर मी विचारले नाही. माझ्या नोकरीत ताफ्यातल्या गाडीने ठीक आहे असे कळवले की ताफा पुढे जाई.

औंधला डोंगराच्या पायथ्याशी गाडी एका बाजूला लावली. दुपारच्या पिशवीची वेळ होती. मी तिच्या हातांवर पाणी घातले, तिने तोंडाला फडके बांधले आणि दार लावून घेतले. मी बाहेर उभा राहिलो. नेहमीपेक्षा वेळ लागला. दार उघडले तेव्हा काढलेल्या पाण्याची पिशवी तिने पदराखाली धरली होती.

"दाखव."

"देवीला जाऊन येऊ. मग बघा."

"आधी दाखव."

एरवी ते पाणी पिवळसर आणि नितळ असते. त्या दिवशी ते कुंकवाचा हात धुतल्यावर होते तसे होते. मी सिस्टरला फोन लावला. तिने विचारले, पोटात दुखते का. मी तो प्रश्न पुढे केला.

"निगाल्यापासनं," पत्नी म्हणाली.

"मग बोलली का नाहीस?"

"तुमची गाडी चालली व्हती की नीट."

सिस्टरने सांगितले तशी एक पिशवी भरून लगेच काढली, मग दुसरी. दुसऱ्या पिशवीचा रंग फिकट होता. पोट रिकामे ठेवून सरळ सांगलीला या, असे तिने सांगितले. पायऱ्यांकडे एक अनोळखी बाई चालली होती. पत्नीने तिला हाक मारली, खण-नारळ तिच्या ओटीत घातला आणि म्हणाली, "बाई, माझी बी तेवढी भरा. मी खालनंच हात जोडते." त्या बाईने नारळ कपाळाला लावला आणि ती वर गेली.

परत येताना मी सगळ्या वाटेवर बैलगाडीच्या गतीने गाडी चालवली. तरीही प्रत्येक दगड मला खाली जाणवत होता. पुढच्या बाकावर मी इतके दिवस बसत होतो आणि दगड तेव्हाही जाणवत असणार. सैन्यातल्या गाड्या अशाच असत, म्हणून मी त्याची दखल घेतली नव्हती.

डॉक्टर म्हणाले, आतली एखादी बारीक शीर असेल, थांबेल. थांबली. पण पाणी पोटात असताना असे धक्के पुन्हा बसता कामा नयेत. गाडी चालताना पोट रिकामे हवे, आणि पोट फार वेळ रिकामे ठेवता येत नाही. म्हणजे दिवसातून थोडेच तास चालायचे.

मी हिशेब पुन्हा मांडला. रोजचे अंतर कमी, म्हणून दिवस जास्त. दिवस जास्त, म्हणून पिशव्या जास्त. पिशव्या जास्त, म्हणून वजन जास्त, आणि वजन जास्त म्हणून पाटे जास्त. पाटे वाढले की गाडी लवत नाही, मग धक्के वाढणार. हिशेब जिथून सुरू केला तिथेच येत होता आणि दर फेरीला अंतर आणखी कमी होत होते.

मी अण्णांकडे गेलो. ते गाडीखाली वाकले, पाटे पाहिले आणि वर येऊन कपाळावरचा घाम पुसला.

"तुम्ही आकडा दिलात तो खरा होता काय ओ? का वर धरून?"

"वर धरून. धरावाच लागतो."

"अरारा." ते बाकावर बसले. "आमच्याकडं ट्रॉलीचं गिऱ्हाईक वजन सांगतंय ते कमी करूनच सांगतंय. बांधावर गेला की दीडपट भरतोय. मी कुणाच्याच सांगितल्या वजनाला बांधत न्हाई. चढवूनच बांधतोय."

"मला विचारले नाही."

"तुम्ही तरी कुठं सांगितलं?"

ते खरे होते. माझ्या वरच्या भागावर त्यांचा वरचा भाग चढला होता. ऊस आणि दारूगोळा वाहायला ती गाडी उत्तम झाली होती.

उपाय दोघांनाही दिसत होता. पाटे काढायचे, लोखंडी खोली कापून हलक्या ॲल्युमिनियमची बांधायची आणि मी जमवलेले निम्मे सामान खाली ठेवायचे. वाळूसाठीच्या पट्ट्या, एक जादा चाक, पाण्याची मोठी टाकी. तेल आणि पाणी वाटेत मागायचे. पिशव्यांची काही खोकी पुढे जोधपूरला कुणाकडे पाठवता येतात का पाहायचे. कुणावर विसंबून जायचे नाही, हा माझा मूळ विचार. तो मी सोडला. पत्नीला सांगितले तेव्हा ती म्हणाली, "मानसं हायती की वाटंनं. पाणी कोन न्हाई म्हनतंय?"

पण गळीत हंगाम तोंडावर आला होता आणि अण्णांच्या दारात ट्रॉल्यांची रांग लागली होती. काही आठवडे गाडी आमच्या अंगणात उभी राहिली. त्या काळात पत्नीने पिशव्या बदलण्याचे काम गाडीतच सुरू केले. घरात सून-नातवंडे नसली तरी गडीमाणसांची ये-जा असते, गोठा लागून आहे. गाडीतली खोली बंद आणि कोरडी. तिने आत यमाईचे एक चित्र चिकटवले. दिवसातून चार वेळा पदर खोचून ती अंगण ओलांडी आणि दार लावून घेई. शेजारणी विचारत, कुठे निघाला. ती सांगे, "आमी निगालोय, पन गाडी हलंना."

तिचा चेहरा त्या दिवसांत बरा दिसत होता. डॉक्टरही तसे म्हणाले. पौष महिन्यात निघायचे ठरले.

अण्णांचा निरोप आला तशी मी गाडी माधवनगरला नेऊन दिली. एका आठवड्याचे काम होते. पत्नी पुन्हा मधल्या खोलीत पिशव्या बदलू लागली. मी खिडक्या बंद करून दाराला ओले फडके लावत असे.

त्याच आठवड्यात शेजारच्या रानात उसाची तोड झाली. तोड झाल्यावर मागे राहिलेले पाचट, म्हणजे उसाचा वाळका पाला, पेटवतात. सगळेच पेटवतात, मीही पेटवत आलो. संध्याकाळी वारा फिरला आणि काजळीचे काळे तुकडे गावावर उतरले. वाळत घातलेले कपडे, पाण्याचे पिंप, अंगणातली तुळस, सगळ्यावर. आम्ही खिडक्या बंद केल्याच होत्या, पण भिंतीच्या वरच्या अंगाला हवेसाठी सोडलेली जाळी आहे. पत्नीने नळी जोडलेली असताना तिच्या मांडीवरच्या पांढऱ्या फडक्यावर एक तुकडा पडलेला मी पाहिला. तिनेही पाहिला. नळी मध्येच सोडता येत नाही. तिने फडक्याचे ते टोक आत दुमडले आणि काम पुरे केले.

पुढे डॉक्टरांना मी हे सांगितले. ते म्हणाले, जंतू कशाने आले हे कधीच सांगता येत नाही. हाताने येतात, खोकल्याने येतात, कारणाशिवायही येतात. त्यांचे म्हणणे शास्त्राला धरून आहे. मी त्यावर वाद घालत नाही.

एका सकाळी पिशवी वर्तमानपत्रावर ठेवली. मथळा वाचता आला. खालचा मजकूर वाचता आला नाही. पत्नी माझ्या तोंडाकडे पाहत होती.

"दिसतंय का?"

"नाही."

"चष्मा लावा."

चष्मा लावलेलाच होता.

रुग्णालयात ती बरेच दिवस होती. औषधे बदलली, पुन्हा बदलली. ताप उतरे आणि चढे. शेवटी डॉक्टरांनी मला बाहेर बोलावले आणि नळी काढावी लागेल असे सांगितले. पुन्हा बसवता येईल का, हे मी विचारले. ते म्हणाले, पडदा आता त्या कामाचा राहिला नाही. यापुढे यंत्र, आठवड्यातून तीनदा. दोन दिवसांपेक्षा जास्त खंड नाही. वाळवंटाबद्दल मी विचारले नाही. तेच म्हणाले, "तो विषय आता संपला, असे धरा."

तिला सांगण्याचे काम माझ्याकडे आले. मी सांगितले. तिने भिंतीकडे पाहून ऐकले.

"म्हंजी झाले मी म्हस," ती म्हणाली.

गाडी अण्णांनी स्वतः आणून दिली, रुग्णालयाच्या दारात. त्यांना कुणीतरी कळवले होते. खोली नवी, हलकी, आतला आकडा आणि गादी जिथल्या तिथे. यमाईचे चित्रही त्यांनी जुन्या पत्र्यावरून जपून काढून नव्यावर लावले होते. त्यांनी मला बसवून आवाराच्या फाटकातल्या उंचवट्यावरून गाडी न्यायला लावली. चाके वर गेली आणि उतरली. आत धक्का जाणवला नाही.

"आता जमलीय," ते म्हणाले, आणि त्यांना आपलेच शब्द ऐकून अवघडल्यासारखे झाले. "हे वरचं खोकं काढून टाकू काय? परत मोकळी जीप होईल. शेतीला उपयोगाला येईल."

मी पत्नीला विचारले.

"ऱ्हाऊ द्या," ती म्हणाली. "यंत्रावरनं उठल्यावर मला बसवत न्हाई."

घरी पिशव्यांची खोकी रचलेली होती, सगळ्या प्रवासाची. सीलबंद होती. सिस्टरने कवठेमहांकाळच्या बाजूच्या एका घराचा पत्ता दिला. तिथल्या तरुण मुलीला नुकतीच नळी बसवली होती. सगळी खोकी मी गाडीत भरली आणि नेऊन दिली. तिच्या वडिलांनी हात जोडले. मी त्यांना खोकी सावलीत ठेवायला सांगितले, आणि पाचट पेटलेले असेल त्या दिवशी जाळीला कापड लावायला सांगितले. चहाला थांबलो नाही.

तेव्हापासून गाडी एकाच रस्त्यावर चालते. आठवड्यातून तीनदा पहाटे निघायचे, सांगलीला पोचायचे. ती चार तास यंत्राला जोडलेली असते. मी व्हरांड्यात बसतो. येणाऱ्या-जाणाऱ्यांना आमच्या गाडीचे नवल वाटते. कुणी विचारतात, आत काय आहे, आइस्क्रीम आहे का. येताना ती मागे आडवी असते. यंत्र तिच्यातले सगळे ओढून घेते. तोंड राखेसारखे होते आणि पाय गार पडतात. मी घोंगडी घालतो, दार लावतो. धूळ आत येत नाही.

मागच्या आठवड्यात कारखान्याच्या वळणावर उसाच्या ट्रॉल्यांची रांग अडकली होती. वजनकाट्यापर्यंत पुढे काही सरकत नव्हते. मी इंजिन बंद केले. मागून तिने काचेवर टिचकी मारली. मी काच सरकवली.

"सांगा मग," ती म्हणाली.

"काय?"

"तितं काय हाय त्ये. आता तर जायचं न्हाई. आता सांगाय काय हुतंय?"

मी आठवून पाहिले. "एक विहीर होती. खारी. दोन खेजडीची झाडे, त्यांची सावली पडत नसे. आमचा पत्र्याचा तळ. उन्हाळ्यात वारा सुटला की भाकरीत वाळू येई, दातांत कचकच. थंडीत सकाळी पाण्यावर साय धरल्यासारखा बर्फ. लांब एक वस्ती होती. तिथल्या बायका पाण्याला येत. तोंडावर पदर, कधी कुणाचे तोंड पाहिले नाही. संध्याकाळी सगळे तांबडे होई. बाकी काही नाही."

"झालं?"

"झाले."

पुढच्या ट्रॉलीवरून एक ऊस घसरून रस्त्यावर पडला. कुणी उचलला नाही.

"सुट्टीवर आलात की आठ दिसांत तुमचं डोळं तिकडं लागायचं," ती म्हणाली. "जेवता जेवता थांबायचा. मला वाटायचं, काय तरी असंल तितं. बाई नसंल, तर दुसरं काय तरी असंल. म्हनून मानूस हितं रमत न्हाई."

तिचे म्हणणे खरे होते, आणि तिकडे काय होते हे मलाही सांगता येत नव्हते.

"खारी हीर आन दोन झाडं," ती म्हणाली. "येवढ्यासाठी मी जानार व्हते व्हय."

"हो."

रांग हलली. मी इंजिन चालू केले. गियर टाकताना तिचा आवाज पुन्हा आला, झोपेत बोलावे इतका हलका.

"तरी बघितलं असतं मी."